न दिसणाऱ्या जखमेचें मोल

“जीव वाचला, हेंच पुष्कळ!” अपघातांतून उठलेल्या माणसाच्या घरीं समाचारास येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडीं हें वाक्य असतें, आणि त्यांत खोटें असें कांहींच नाहीं. परंतु मार डोक्याला लागला असेल, तर ज्याचा जीव वाचला तो माणूस पूर्वीचाच आहे कीं नाहीं, हा प्रश्न कांहीं महिन्यांनीं घरच्यांपुढें उभा राहतो. त्या वेळीं समाचाराला येणारे थांबलेले असतात, आणि नुकसानभरपाईच्या कागदावर सह्या मागणारे मात्र येऊं लागतात. या दोन गोष्टींची सांगड कशी घालावी, याविषयीं आमच्या वाचकांशीं दोन शब्द बोलावे, असा आमचा हेतु आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील गृहस्थ, वय वर्षें ३२, चार-सहा दुकानदारांचे हिशेब लिहून व करांचीं विवरणें भरून महिना तीस हजार रुपये मिळवीत असत. एके दिवशीं संध्याकाळीं दुचाकीवरून घरीं येत असतां मागून आलेल्या मोटारीनें त्यांस उडविलें. नऊ दिवस ते बेशुद्धींत होते. महिन्याभरानें घरीं आले तेव्हां कपाळावरील एका व्रणाखेरीज बाहेरून कांहींच दिसत नव्हतें. रुग्णालयाच्या कागदावर ‘प्रकृति समाधानकारक’ असा शेरा होता. सत्यनारायणहि झाला.

पुढें ते कामाला बसले, तों साधी बेरीज जमेना. एका दुकानदाराचें विवरण दोनदां भरलें गेलें, दुसऱ्याचें राहूनच गेलें. दुपारी बारा वाजतां डोकें जड होऊन ते आडवे होत. ज्यांनीं घरांत कधीं आवाज चढविला नव्हता, त्यांनीं मुलीच्या हातून पाणी सांडलें म्हणून पेला भिंतीवर फेकला, आणि घटकेनें त्यांना त्याची आठवणहि नव्हती. “अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू,” असें सासूबाई म्हणत. बाहेर मात्र कोणी कांहीं बोलत नसे. कारण घरांतील माणसाच्या बुद्धीस कांहीं झालें आहे, हें चारचौघांत सांगण्याची आपल्या समाजास अजून लाज वाटते.

अशांतच विमा कंपनीकडून तडजोडीचा प्रस्ताव आला: रुग्णालयाचा खर्च, आणि वर थोडी रक्कम. वडील मंडळींस तें पटलें. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्याकडे लहानपणापासून कानांवर पडलेली असते. शिवाय दुखण्यावर पैसे मागणें म्हणजे एक प्रकारची याचनाच, अशीहि समजूत असते. सुनेनें एवढेंच विचारलें, “मामंजी, हे पैसे संपल्यावर पुढें काय करायचें?” त्या प्रश्नानें सही त्या दिवसापुरती थांबली.

तिचा प्रश्न शास्त्रदृष्ट्याहि योग्य होता. डोक्यास मार लागल्यानंतर रुग्ण कितपत शुद्धीवर आहे, हें मोजण्याची ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या दोघांनीं १९७४ सालीं तयार केलेली पद्धति जगभर चालते. तींत पूर्ण शुद्धीस १५ गुण, गाढ बेशुद्धीस ३. आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे दुखापत गंभीर. पण ही मोजणी पहिल्या तासांची व दिवसांची आहे. सहा महिन्यांनीं माणूस हिशेब लिहूं शकेल कीं नाहीं, हें तिच्यावरून निश्चित सांगतां येत नाहीं. सी. टी. स्कॅनमध्यें रक्तस्राव व हाडाची मोड दिसते. मात्र जोराच्या हिसक्यानें मेंदूंतील सूक्ष्म तंतु ताणले व तुटले असतील, तर ती हानि त्या चित्रांत पुष्कळदां उमटतच नाहीं. कपाळामागचा मेंदूचा भाग संयम, नियोजन व तारतम्य यांचें स्थान होय. त्यास इजा झाली, तर माणूस चालतो, बोलतो, जेवतो, पण वागणुकीचा लगाम सुटलेला असतो. अशा रुग्णास स्वतःमधील हा पालट जाणवत नाहीं, हें या दुखण्याचें आणखी एक विलक्षण अंग. “मला कांहीं झालेलें नाहीं,” असें तो न्यायालयांतहि प्रामाणिकपणें सांगेल!

वैद्यकशास्त्रांत या बाबतींत एक जुनें उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतांत १८४८ सालच्या सप्टेंबर महिन्यांत फिनिअस गेज नांवाचा मुकादम लोहमार्गासाठीं सुरुंग ठासत असतां बार उडाला, आणि साडेतीन फुटांहून लांब अशी लोखंडी पहार त्याच्या गालांतून शिरून मस्तकांतून बाहेर पडली. तो जगला; थोड्याच महिन्यांत हिंडूंफिरूं लागला. परंतु त्याचे डॉक्टर हार्लो यांनीं लिहून ठेवलें आहे कीं, पूर्वीचा कर्तबगार व समतोल माणूस आतां लहरी व हट्टी झाला होता, आणि या पालटामुळें त्याच्या मालकांनीं त्याला जुनी जागा परत दिली नाहीं. त्याचा एक डोळाहि गेला होता. पण जागा गेली ती स्वभावामुळें. डोळ्याची हानि सर्वांस दिसते, स्वभावाची मात्र सिद्ध करावी लागते. आजच्या भरपाईच्या कायद्यांतील खरी अडचण हीच आहे.

आतां कायद्याकडे वळूं. दुसऱ्याच्या चुकीनें मनुष्य मेला असतां त्याच्या कुटुंबास दावा करतां यावा, म्हणून आपल्या देशांत १८५५ सालींच कायदा झाला. कामावर असतां इजा झालेल्या कामगारांसाठीं १९२३ सालीं कायदा झाला. मोटार अपघातांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें नेमण्याची तरतूद १९५६ सालीं आली, आणि आज १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें तीं चालतात. अपघात जेथें झाला तेथेंच गेलें पाहिजे असें नाहीं. दावेदार जेथें राहतो त्या भागांतील न्यायाधिकरणाकडेहि त्याच्या कलम १६६ खालीं अर्ज करतां येतो. चूक कोणाची याचा वाद न घालतां ठराविक रक्कम घ्यावयाची असेल, तर कलम १६४ प्रमाणें जबर दुखापतीस अडीच लाख मिळतात. वाहन पळून गेलें व सांपडलें नाहीं, तर सरकारी योजनेंतून पन्नास हजार मिळतात. मेंदूच्या दीर्घ दुखण्यापुढें या रकमा किती तोकड्या, हें सांगावयास नकोच.

मुदतीविषयीं विशेष दक्षता घ्यावी. २०१९ च्या दुरुस्तीनें, जी १ एप्रिल २०२२ पासून अंमलांत आली, अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे. या मर्यादेस न्यायालयांत आव्हान दिलें गेलें असलें, तरी शहाण्या माणसानें सहा महिन्यांचीच गांठ मनाशीं बांधावी. येथें एक पेंच आहे. मेंदू किती सुधारेल, हें कळण्यास वर्ष-दीड वर्ष लागतें. मुदत मात्र सहा महिन्यांचीच. यांतून वाट अशी कीं, अर्ज मुदतींत करावा, आणि कायमच्या अपंगत्वाचा पुरावा प्रकृति स्थिरावल्यावर द्यावा. तडजोडीची सही मात्र त्याआधीं करूं नये. कारण मान्य केलेली तडजोड न्यायाधिकरणानें नोंदली म्हणजे दावा मिटला असें ठरतें.

अपंगत्वाचें मोल कसें ठरतें, याचें सूत्र सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यांत स्पष्ट केलें. शरीराचें अपंगत्व इतके टक्के, म्हणून मिळकतीची हानिहि तितकेच टक्के, असें धरतां येत नाहीं. डावा हात गेलेला सुतार आपल्या धंद्यास जवळजवळ पूर्णपणें मुकतो. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित् टिकेलहि. हाच न्याय मेंदूस लावावा. आमच्या स्नेह्यांचे हातपाय धड आहेत; परंतु ज्या अवधानावर व स्मरणावर त्यांची भाकरी होती, तींच गेलीं आहेत.

याचा रुपयांत अर्थ काय होतो, तें पाहूं. महिना ३०,००० म्हणजे वर्षाचे ३,६०,०००. चाळिशीच्या आंतील स्वतंत्र व्यावसायिकाच्या मिळकतींत भावी वाढीसाठीं ४० टक्के मिळवावे, असें २०१७ च्या प्रणय सेठी खटल्याच्या निकालांत ठरलें आहे; म्हणजे ५,०४,००० झाले. वय ३२ असतां २००९ च्या सरला वर्मा निकालाप्रमाणें गुणक १६. गुणाकार ८०,६४,०००. मिळकतीची हानि ३० टक्के धरली, तर २४,१९,२०० मिळतात; ७० टक्के धरली, तर ५६,४४,८००. म्हणजे एका प्रमाणपत्रांतील आंकड्यावर बत्तीस लाखांहून अधिक रकमेचा, अर्थात् मुलीच्या शिक्षणाचा व संसाराचा, निवाडा होतो. उपचारांचा मागील व पुढील खर्च, परिचारकाचा पगार, आणि सोसलेल्या यातना व गमावलेलें सुख यांची भरपाई निराळी.

आमच्या भगिनींनीं येथें विचारावें, “जी स्त्री मिळवीत नाहीं तिचें काय?” घर चालविणाऱ्या स्त्रीच्या श्रमांस आर्थिक मोल आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें २००१ च्या लता वाधवा, २०१० च्या अरुणकुमार अगरवाल आणि २०२१ च्या कीर्ति या खटल्यांतून उत्तरोत्तर ठासून सांगितलें आहे. तेव्हां गृहिणीच्या डोक्यास मार लागला असतां “तिची मिळकत शून्य” असें कोणी म्हटल्यास तें निमूटपणें ऐकून घेऊं नये.

मुलांच्या बाबतींत २०२० सालचा एक निकाल मनास चटका लावतो. २००७ सालच्या अपघातांत बारा वर्षांच्या एका हुशार मुलीच्या मेंदूस इतकी इजा झाली कीं, तिची समज नऊ महिन्यांच्या बालकाएवढीच उरली. न्यायाधिकरणानें सुमारे अकरा लाख दिले, उच्च न्यायालयानें ते पंचवीस लाखांवर नेले, आणि सर्वोच्च न्यायालयानें ६२,२७,००० रुपये व्याजासह मंजूर केले. जन्मभर लागणाऱ्या दोन परिचारकांसाठींच त्यांत १०,८०,००० धरले होते. न्याय मिळाला, पण बारा वर्षांहून अधिक काळानें. विलंबाचें हें दुःख खरें आहे. परंतु पहिल्याच आंकड्यावर समाधान मानलें असतें, तर त्या मुलीच्या वाट्यास काय आलें असतें, याचाहि विचार करावा.

म्हणून पुढील गोष्टी घरीं अवश्य कराव्या. पोलिसांतील पहिली खबर व पंचनामा यांच्या नकला घ्याव्या. रुग्णालयाचा प्रत्येक कागद व औषधाची प्रत्येक पावती तारखेनुसार लावून ठेवावी. अपघातापूर्वीच्या मिळकतीचीं विवरणें शोधून काढावीं. मेंदूच्या डॉक्टरांखेरीज स्मरण, अवधान व निर्णयशक्ति यांची रीतसर चांचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे जावें, आणि सरकारी वैद्यकीय मंडळाकडून अपंगत्वाचें प्रमाणपत्र घ्यावें. रुग्ण स्वतः व्यवहार समजण्याच्या स्थितींत नसेल, तर जवळच्या आप्तानें वादमित्र म्हणून त्याच्या वतीनें अर्ज करावा. वकिलाची ऐपत नसेल, तरी स्त्रिया, मुलें व अपंग व्यक्ति यांस १९८७ च्या कायद्यानें जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य साहाय्य मिळतें. तें घेण्यांत कमीपणा नाहीं.

आणि एक वही ठेवावी. आमच्या परिचयाच्या त्या गृहिणीनें ती ठेवली. आज काय विसरले, किती वेळ काम जमलें, राग कशावरून आला, हें ती रोज रात्रीं तारीख घालून दोन ओळींत लिही. प्रारंभीं आपल्याच माणसाचे दोष मांडतों आहों, असें वाटून तिचा हात अडखळे. एके दिवशीं ती वही पतीच्याच हातीं लागली. त्यांनीं ती पहिल्या पानापासून वाचली, आणि बऱ्याच वेळानें विचारलें, “हें सारें मीं केलें?” तोंवर चांचणीस जाण्याचें ते साफ नाकारीत होते. दुसऱ्या दिवशीं ते आपण होऊन निघाले. अर्ज पांचव्या महिन्यांत दाखल झाला. निकाल अद्याप लागावयाचा आहे.

भरपाईनें हरवलेला माणूस परत येत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण त्या पैशानें औषध येतें, मुलीची शाळा सुटत नाहीं, आणि शुश्रूषा करणारीस चार घटका विसांवा मिळतो. ज्याच्या चुकीनें हें ओझें आलें, त्यानें तें उचलण्यास हातभार लावावा, ही मागणी हक्काची आहे. तींत याचना नाहीं, आणि लाजेचें तर कारणच नाहीं.