अंगावर मुंगी नाही, तरी मुंग्या!

मांडी घालून बराच वेळ बसले की पायाला मुंग्या येतात, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीत मात्र अशा वेळी सुया-टाचण्या टोचतात. मुंग्या तिथेही आहेत, पण डॉक्टरांच्या पुस्तकात. अंगावर किंवा कातडीखाली मुंग्या फिरल्यासारख्या संवेदनेला ‘फॉर्मिकेशन’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्द ‘फॉर्मिका’, म्हणजे मुंगी. मुंगीच्या दंशातल्या फॉर्मिक आम्लाचे नावही त्यावरूनच पडले. (‘म’च्या जागी ‘न’ आला की मात्र अर्थ थेट व्यभिचार होतो! त्या शब्दाचे मूळ वेगळे.) सुश्रुतसंहितेतही पिकत आलेल्या सुजेच्या वर्णनात मुंग्या फिरल्यासारखे वाटणे सांगितले आहे.

या मुंग्या खोट्या असल्या तरी त्रास खरा असतो. बिघाड बहुधा मज्जातंतूंत किंवा मेंदूत असतो, त्वचा साफ दिसते. म्हणून घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणून मोकळे होतात आणि रुग्ण खाजवून जखमा करून घेतो. रजोनिवृत्तीच्या काळात काही स्त्रियांना हा त्रास होतो. दारूचे व्यसन एकाएकी सोडताना होतो, कोकेनमुळेही होतो. मधुमेहात पावलांपासून मुंग्या-बधिरपणा सुरू होऊन वर सरकतो. त्यात पायाची जखम कळतच नाही, हा खरा धोका. ‘बी १२’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही मुंग्या येतात. शुद्ध शाकाहारी आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे यांनी तर हे तपासून घ्यावेच. उपचार लांबले तर मज्जातंतूंचे नुकसान कायमचे राहू शकते.

पण मुंग्या नेहमीच वाईट बातमी आणत नाहीत. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिक तपासताना फ्रेंच डॉक्टर ज्यूल तिनेल यांनी १९१५ मध्ये एक खूण नोंदवली. दुखावलेल्या मज्जातंतूवर बोटाने टिचकी मारली आणि पुढच्या भागात मुंग्या आल्या, तर तंतू पुन्हा वाढू लागले आहेत. नुसते दुखले, तर तसे म्हणता येत नाही. तिनेल यांनी त्यासाठी वापरलेला फ्रेंच शब्दही मुंगीवरूनच आलेला आहे. तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो आणि टिचकीची जागा तसतशी पुढे सरकते. हाताचे शल्यविशारद आजही ही टिचकी मारून पाहतात.

बसून आलेल्या मुंग्या काही मिनिटांत जातात. त्यांची काळजी नको. आठवडाभर टिकल्या, तर डॉक्टरांना दाखवावे. अचानक एका बाजूचा हात-पाय बधिर झाला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा मात्र थेट रुग्णालय गाठावे.