मंदीच्या काळातील एक कायदा

मंदी आली की कुटुंबप्रमुख प्रथम खर्चाला आळा घालतो. राज्याला ते इतके सोपे नसते. महसूल आटतो त्याच वेळी मदतीची मागणी वाढते आणि नोटा छापण्याचा अधिकार राज्याला नसतो. विधिमंडळाची खरी कसोटी अशाच वेळी लागते.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रातील शेती कोलमडली. हजारो स्त्री-पुरुष खडी फोडण्याच्या कामावर गेले. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला त्या अनुभवाने बळ दिले. परंतु पैसा कोठून आणावयाचा? १९७५ मध्ये विधिमंडळाने व्यवसाय कराचा कायदा केला. पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांनी कर भरावा आणि शासनाने त्यात तितकीच भर घालावी, असे ठरले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणाऱ्यास १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता! कालपर्यंत जी कृपा होती, ती हक्क झाली. २००५ च्या केंद्रीय कायद्यालाही याच अनुभवाचा आधार लाभला.

वाचकहो, व्यवसाय कर आजही आपण भरतो आणि भरताना कुरकुरतो. ती कुरकुर सोडून आपल्या आमदारांना विचारावे, की हा पैसा राबू इच्छिणाऱ्या हातांपर्यंत वेळेवर पोहोचतो का? नागरिकाचे कर्तव्य कर भरून अर्धेच होते. उरलेले अर्धे हिशेब मागण्यात आहे.