मोबाईलचा कीबोर्ड : सैल मुभा की घट्ट नियम?

ऑर्डर, भाव, बँकेचा व्यवहार, सारे आता मोबाईलवर चालते. कापड आम्ही बोटांनी चोळून घेतो. ॲप मात्र न पाहताच फोनमध्ये घेतो. म्हणून व्यापारी बांधवांसाठी हा थोडा खुलासा.

ॲप बनवणाऱ्याला फोनमध्ये हवा तिथे हात घालता येत नाही. अँड्रॉइड किंवा आयफोनची कंपनी त्याला ठराविक वाटा देते. त्यांना प्रोग्रामिंग इंटरफेस म्हणतात. कारागिराच्या हाती अख्खे थान द्यावे की मापाचे तुकडे मोजून द्यावेत, तसाच हा प्रश्न आहे.

कीबोर्डाचेच पाहा. अँड्रॉइडने २००९ सालीच बाहेरच्यांना कीबोर्ड बनवण्याची मुभा दिली. आपल्या उर्दूवाल्यांना याचे मोल कळेल, कारण अरबी कीबोर्डवर टे, डाल, ड़े ही अक्षरे नसतात. आयफोनने ही वाट २०१४ साली उघडली, तीही अटींवर. तिथे पासवर्डच्या रकान्यात बाहेरचा कीबोर्ड बाजूला होऊन फोनचा स्वतःचा येतो, आणि आपण पूर्ण परवानगी दिल्याशिवाय बाहेरच्या कीबोर्डाला इंटरनेटशी बोलता येत नाही. अँड्रॉइड कीबोर्ड चालू करताना फक्त इशारा देतो, की पासवर्ड आणि कार्डाचे आकडे धरून तुम्ही लिहाल ते सारे याला मिळू शकते. पुढची जबाबदारी आपली.

सैल मुभेने सोय पाच वर्षे आधी मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दिलेली मुभा मागे घेणे फार जड जाते. बँकेचे एसएमएस वाचून खर्चाची नोंद ठेवणारी ॲप्स अँड्रॉइडवर बरीच निघाली होती. गुगलने २०१८ च्या ऑक्टोबरात एसएमएस वाचण्यावर नियम घट्ट केले. मग प्ले स्टोअरवरच्या ॲपवाल्यांना ती सोय काढावी लागली, नाहीतर खास मंजुरी मागावी लागली. चोरट्यांचा रस्ता अरुंद झाला खरा, पण प्रामाणिक कारागिराचे शिवलेले कपडेही उसवावे लागले. आधी घट्ट ठेवून मग सैल करणाऱ्याला निदान हा त्रास नाही. त्याचे गिऱ्हाईक तेवढे खोळंबते.

आमचे मत विचाराल तर ज्या फोनवर पेढीचे बँक खाते आहे, त्यावर फोनसोबत आलेलाच कीबोर्ड ठेवावा. नक्षीदार कीबोर्ड मुलांच्या फोनवर खुशाल असू द्या. आयफोनवाल्यांनी सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या कीबोर्डाला पूर्ण परवानगी दिली आहे, ते आजच पाहून घ्यावे.