वाहिनी वाढली, रक्त पोहोचले का?

हृदयाची धमनी वर्षानुवर्षे हळूहळू बुजत गेली, तर शेजारच्या बारीक जोडवाहिन्या रुंदावतात आणि अडथळ्यापलीकडच्या स्नायूला थोडेफार रक्त पुरवू लागतात. ‘नैसर्गिक बायपास’ या शब्दांनी पेशंटला धीर येतो तो यामुळेच. पण वाहिनी वाढणे आणि स्नायूचे भागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मोजल्याशिवाय पहिलीवर विसंबू नये. ती मोजण्याची सोय ट्रॉम्बेशी जोडलेली आहे. १९८५ साली सुरू झालेल्या तिथल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत रुग्णालयांसाठीही किरणोत्सारी समस्थानिके तयार होतात. मॉलिब्डेनम-९९ पासून मिळणारे टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मे होते. पेशंट ट्रेडमिलवर पुरता दमला की हे टेक्नेशियम जोडलेल्या द्रव्याचे इंजेक्शन देतात. जिथे रक्त जास्त, तिथल्या स्नायूत ते जास्त साठते. श्रमाच्या चित्रात फिका आणि विश्रांतीच्या चित्रात भरलेला भाग म्हणजे जिवंत, पण उपाशी स्नायू. दोन्हींत फिका राहिला तर तिथे बहुधा व्रण आहे.

ही मोजणी किती महत्त्वाची, ते वाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनांच्या चाचण्यांनी दाखवले. २००२ साली ३३७ आणि २००३ साली १७८ रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध घेतलेल्यांची चालण्याची क्षमता वाढली, पण नुसते द्रावण घेतलेल्यांचीही वाढली. छातीतले दुखणे कमी झाले हे पुरेसे नाही का, असे कुणी विचारेल. दुखणे कमी होणे मोलाचेच; पण तुलनेला गट नसता तर तेवढ्यावरून औषध गुणकारी ठरले असते. शिवाय अशा प्रथिनाने मुख्यतः नव्या केशवाहिन्या उगवतात, तर बायपासचे काम करायला स्नायूच्या भिंतीची धमनी लागते. ती रक्ताच्या वाढत्या प्रवाहाच्या घर्षणाने, आधीच असलेल्या जोडवाहिनीतून घडते. उलट धमनीच्या भिंतीतल्या मेदाच्या थरात नाजूक वाहिन्या वाढल्या, तर त्या फुटून तो थर अधिक धोकादायक होतो. म्हणजे वाढ कुठे झाली, यावर सारे अवलंबून.

स्कॅनही चुकतो, हा आक्षेप रास्त आहे. तिन्ही मुख्य धमन्या सारख्याच अरुंद असतील तर सगळे चित्र एकसारखे फिके पडते आणि तुलनेत निरोगी भासते. म्हणून अँजिओग्राफी सोडता येत नाही. पण अगदी बारीक वाहिन्या तिच्यातही दिसत नाहीत. दोन्ही तपासण्या शेजारी ठेवूनच डॉक्टरांनी निर्णय घ्यावा, आणि पेशंटनेही ‘नवी वाहिनी आली’ एवढ्यावर गोळ्या सोडू नयेत.