‘न’चा ‘म’ करायला दोन आकडे

१९८४ साली केंद्र सरकारने निवडक शाळांत संगणक पोहोचवण्यासाठी ‘क्लास’ नावाची योजना सुरू केली. त्यासाठी निवडलेलं यंत्र होतं केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचं, ‘बीबीसी मायक्रो’. त्यात मराठी अर्थातच नव्हती. पण त्यात ‘व्हीडीयू २३’ नावाची एक आज्ञा होती आणि तिच्या जोरावर शाळकरी पोरालाही स्वतःचं अक्षर घडवता यायचं.

आठ आडव्या आणि आठ उभ्या घरांची एक चौकट घ्यायची. प्रत्येक ओळीतल्या घरांची किंमत डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. जी घरं उजळायची, त्यांची बेरीज करायची. एका ओळीचा एक आकडा, असे आठ आकडे झाले की अक्षर तयार.

‘न’ काढून बघू. सगळ्यात वरची ओळ पूर्ण भरलेली, म्हणजे २५५. ही शिरोरेघ. तिच्याखालच्या दोन ओळींत फक्त उजवीकडचा काना: २ आणि २. चौथ्या ओळीत कान्यापासून डावीकडे जाणारी आडवी रेघ: १२६. पाचव्या ओळीत रेघेच्या टोकाची गाठ आणि काना: ९८. मग पुन्हा नुसता काना, २ आणि २, आणि शेवटची ओळ रिकामी, ०. आता यातला दुसरा आणि तिसरा आकडा खोडून तिथे ३४ लिहा. गाठीपासून शिरोरेघेपर्यंत एक उभी रेघ चढते आणि ‘न’चा ‘म’ होतो. आनंदीबाईंच्या नावावर ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका जमा आहे. इथे दोन आकडे फिरवले की काम भागतं. ‘न’ला २२४ क्रमांक द्या, ‘म’ला २२५, आणि संगणकाला २२४, २२५, २२४ छापायला सांगा. पडद्यावर ‘नमन’ उमटतं. वरची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली असल्यामुळे शिरोरेघ आपोआप सलग होते.

इथपर्यंत मजा आहे. ‘नमन’नंतर ‘भजन’ लिहायला घेतलं की खरी परीक्षा सुरू होते. ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक डाव्या कोपऱ्यातली तुटलेली शिरोरेघ आणि एक छोटीशी गाठ एवढाच, आणि त्यासाठी आपल्याकडे मोजून दोन-तीन घरं. ‘ध’ आणि ‘घ’ यांचंही तसंच. ‘ष’मधली तिरकी रेघ जिन्यासारखी दिसते. ‘ळ’ला सगळे घाबरतात, पण तो उलट सरळमार्गी निघतो. एका फुग्याला भोकासकट तीन घरांची रुंदी लागते. दोन फुग्यांना मधली भिंत सामाईक दिली की पाच घरांत काम होतं.

खरी अडचण उंचीची. रोमन अक्षरांना आठ ओळी पुरतात. ‘जी’ किंवा ‘वाय’ची शेपटी खाली आली तरी एखादी ओळ खाते. देवनागरी मात्र तीन मजली आहे: वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, मधे अक्षर, खाली उकार आणि ऋकार. आठ ओळींत हे तिन्ही मजले बांधायचे तर मधल्या मजल्याला जेमतेम पाच ओळी उरतात. माझ्या मते सोळा ओळींखाली मराठीचा टंक करायला जाऊच नये; वाचता येईल, पण वाचावंसं वाटणार नाही.

कमी ठिपक्यांतही देखणं काम होऊ शकतं, हे सुझन केअर यांनी दाखवून दिलं. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशचा पडदा होता ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा, नुसता काळा-पांढरा. केअर कलाशाखेच्या, संगणकाशी त्यांचा आधी संबंध नव्हता. मॅकिंटॉशसाठी केलेल्या ‘शिकागो’ या टंकात त्यांनी उभ्या रेघा दोन ठिपके जाड ठेवल्या आणि आडव्या, उभ्या व नेमक्या पंचेचाळीस अंशांच्या रेघांवरच भिस्त ठेवली. बाकी कोनांतल्या रेघा पडद्यावर दातेरी दिसतात, म्हणून त्या टाळल्या. हा टंक इतका टिकाऊ निघाला की २००१च्या पहिल्या आयपॉडवरही तोच होता.

म्हणजे अक्षर काढणं हा प्रकार डोळा आणि चिकाटी असलेल्या कुणालाही जमण्यासारखा आहे. डोकं खातो तो त्याला द्यायचा क्रमांक. १९६३च्या ‘आस्की’त १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजीपुरत्याच आखल्या होत्या. १९८१च्या आयबीएम पीसीने त्या २५६ केल्या. वाढीव जागांत युरोपीय अक्षरं, ग्रीक चिन्हं आणि चौकटी आखायच्या रेघा आल्या आणि सुरुवातीच्या क्रमांकांवर हसरे चेहरे नि पत्त्यांतले बदाम-किलवर. पुढे व्हीजीए कार्डावर स्वतःचा टंक चढवता येऊ लागला. प्रत्येक अक्षर आठ बाय सोळा, २५६ अक्षरांना ४०९६ बाइट. पण इथे एक गंमत होती. पडद्यावर प्रत्येक अक्षराला आठऐवजी नऊ उभी घरं मिळत आणि नववं घर रिकामं राही. अपवाद फक्त १९२ ते २२३ या क्रमांकांचा. चौकटीच्या रेघा तुटू नयेत म्हणून तिथे आठव्या घराची नक्कल नवव्यात उतरे. आता यात देवनागरी बसवायची म्हटली तर शिरोरेघ सलग मिळणार फक्त या ३२ क्रमांकांवर. आपली व्यंजनंच त्याहून जास्त!

बरं, जागा मिळाल्या तरी त्या द्यायच्या कशाला? ‘क्ष’ हे एक अक्षर की ‘क’, हलन्त आणि ‘ष’? ‘की’ एक की दोन? भारतीय मानक संस्थेने १९९१ साली प्रमाणित केलेल्या ‘इस्की’ने याचं उत्तर नीट दिलं. साठवायचे मूळ वर्ण आणि हलन्त. जोडाक्षर कसं दिसायचं ते पडद्याच्या वेळी ठरवायचं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं ‘जिस्ट’ कार्ड याच तत्त्वावर चाले. पीसीत ते बसवलं की डॉसवरचे प्रोग्रामही मराठी दाखवू लागत.

नव्वदच्या दशकातल्या डीटीपीने मात्र दुसरी वाट धरली. इंग्रजी कळांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे चिकटवायचे: इथे अर्धा ‘म’, तिथे काना, पलीकडे रफार. प्रत्येक टंकवाल्याची मांडणी वेगळी. एका प्रेसमधली फाइल दुसऱ्या प्रेसमध्ये उघडली की लग्नपत्रिकेऐवजी इंग्रजी कळांची खिचडी समोर यायची. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. आजही त्या काळातल्या पुस्तकांच्या फाइलींत शब्द शोधता येत नाहीत, अकारविल्हे लावता येत नाहीत.

युनिकोडने देवनागरीची आखणी ‘इस्की’वरूनच उचलली. तरी मराठीच्या बारकाव्यांना वेळ लागलाच. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक सांभाळणारा अर्धा ‘र’ आजही घरगुती टंकांत हटकून विसरला जातो. तुम्ही टंक करणार असाल तर पहिल्या दिवशीच तो यादीत लिहून ठेवा.

ज्यांची लिपीच घरची आहे, त्यांच्यासाठी युनिकोडने मुख्य विभागातच ६४०० क्रमांक मोकळे सोडलेत. तिथे कुणीही काहीही ठेवावं, फक्त दुसऱ्याने ते वाचायची हमी नाही. मायकेल एव्हर्सन आणि जॉन कोवन यांनी कल्पित लिप्यांसाठी या जागेची एक खासगी नोंदवही उघडली. क्लिंगॉन या कल्पित लिपीचा युनिकोडकडे गेलेला प्रस्ताव २००१ साली फेटाळला गेला, तर त्याच नोंदवहीतल्या शेव्हियन लिपीला २००३ साली अधिकृत क्रमांक मिळाले. शतकानुशतकं कारभार चालवलेल्या आपल्या मोडीला मात्र २०१४पर्यंत थांबावं लागलं. मोडीचा ठिपक्यांचा टंक हे अजून कुणीतरी मनापासून करण्याजोगं काम आहे. तिची वळणं आणि हात न उचलता लिहायची सवय चौकटींत बसवणं सोपं नाही.

सुरुवात करायला आज फार काही लागत नाही. ‘फॉन्टस्ट्रक्ट’वर ब्राउझरमध्येच ठोकळे मांडून टंक करता येतो, ‘फॉन्टफोर्ज’ फुकट आहे, आणि रोमन चिबोरा यांनी १९९८ साली सुरू केलेला ‘युनिफॉन्ट’ उघडला तर दिसतं की अख्खा टंक म्हणजे एक साधी मजकुराची फाइल आहे: क्रमांक, अपूर्णविराम आणि मग ठिपक्यांचे आकडे.

ज्यांना आणखी अडचणीत जायची हौस आहे, त्यांनी इंजिनीअरिंगची पोरं प्रोजेक्टला लावतात तो दोन ओळींचा हिरवा किंवा निळा एलसीडी आणावा. प्रत्येक अक्षराला पाच बाय आठ घरं, दोन अक्षरांमधे फट, म्हणजे शिरोरेघ तुटणारच. आणि एका वेळी स्वतःची अक्षरं फक्त आठ. दिवाळीत तो दाराशी लावायचा तर हिशेब असा: शु, भ, द, दीर्घ वेलांटी, प, काना, व, ल. ‘शुभ दीपावली’ बरोब्बर आठांत बसतं. ‘हार्दिक’ घालायला गेलात की ‘ह’ला जागा नाही.