लिव्हर हँडलला टेकतो तेव्हा

मध्यम किमतीच्या माउंटन बाइकवरही आता हायड्रॉलिक डिस्क ब्रेक दिसतात, आणि त्यांच्याबद्दलची नेहमीची तक्रार एकच असते: ब्रेक मऊ पडला. लिव्हर दाबल्यावर ठामपणे अडत नाही, दबत दबत थेट हँडलला टेकतो. दोन-तीनदा पटापट दाबला की जरा बरा वाटतो, म्हणून सायकल तशीच चालवली जाते. कोणी रीचचा स्क्रू फिरवून लिव्हर हँडलपासून लांब नेतो, कोणी रात्रभर लिव्हर बांधून ठेवतो, तर कोणी सरळ नवा ब्रेक विकत घेतो. यातले पहिले दोन उपाय दोष झाकतात आणि तिसरा बहुतेक वेळा अनावश्यक असतो. मऊ पडलेला ब्रेक बहुधा जुना झालेला नसतो, त्याच्या नळीत हवा शिरलेली असते. ती हवा बाहेर काढणे आणि ती आत कुठून आली हे शोधणे, दोन्ही झाल्याशिवाय दुरुस्ती पुरी होत नाही.

लिव्हरच्या मुळाशी छोटा मास्टर सिलिंडर असतो. त्यातला पिस्टन ऑइल ढकलतो आणि त्या दाबाने कॅलिपरमधले पिस्टन पॅडना रोटरवर आवळतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो, हे ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात मांडले. त्याचा याविषयीचा ग्रंथ १६६३ मध्ये, मृत्यूनंतर वर्षभराने, प्रसिद्ध झाला. ब्रेकचे सगळे काम द्रव जवळजवळ दबत नाही या एका गोष्टीवर चालते. आता आकडे पाहा. मास्टर सिलिंडरचा पिस्टन १० मिलिमीटर व्यासाचा आणि त्याची चाल १० मिलिमीटरची धरली, तर लिव्हर पुरता दाबूनही जेमतेम ०.८ मिलिलिटर ऑइल पुढे जाते. नळीत अर्ध्या मिलिलिटरचा बुडबुडा असेल आणि दाब वातावरणाच्या दहापट झाला, तर तो बुडबुडा एक दशांशावर येतो. म्हणजे ०.८ पैकी ०.४५ मिलिलिटर चाल नुसती हवा दाबण्यातच जाते आणि पॅडसाठी फारसे काही उरत नाही. कारखान्यात भरलेल्या ब्रेकमध्ये अशी हवा सहसा नसते. ती नंतर शिरते, आणि म्हणून शिरण्याची वाट शोधावी लागते.

यावर ठरलेला आक्षेप येतो: लिव्हर रात्रभर बांधून ठेवला की सकाळी ब्रेक कडक असतो, मग एवढा खटाटोप कशाला? उपाय लागू पडतो हे खरे. दाबाखाली बुडबुडे आकसतात, नळीच्या भिंतीपासून सुटतात, त्यातली थोडी हवा ऑइलमध्ये विरघळते. सकाळी लिव्हर सोडल्यावर उरलेले बुडबुडे वर सरकून लिव्हरपाशी असलेल्या ऑइलच्या टाकीत जातात. पण हवा सायकलबाहेर गेलेली नसते, फक्त जागा बदलते. आपल्याकडे पंक्चर काढायला किंवा चेन बसवायला सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी करतात. त्या क्षणी टाकी खाली जाते, तिच्यातली हवा वर चढून नळीत शिरते आणि सायकल सरळ केल्यावर ब्रेक पुन्हा मऊ. सायकल उलटी केली की ब्रेक बिघडतो, अशी समजूत यातूनच झाली आहे. टाकीत हवाच नसेल तर सायकल उलटी केल्याने काही होत नाही. त्यामुळे हा अनुभव उपयोगी खूण आहे: सायकल उलटी केल्यावर ब्रेक मऊ पडत असेल, तर टाकीत हवा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: प्रत्येक मऊ ब्रेकला हवाच जबाबदार असते का? नसते. म्हणून ऑइल बदलण्याआधी पाच मिनिटे तपासणीला द्यावीत. लिव्हर दाबून धरा. तो हळूहळू हँडलकडे सरकत राहिला, तर सील किंवा जोड गळतो आहे. तिथे कितीही एअर काढली तरी ब्रेक चार दिवसांत पूर्वपदावर येईल. पटापट दाबल्यावर कडक होत असेल तर हवा असण्याची शक्यता मोठी. पण रोटर वाकडा असला तरी असेच होते, कारण वाकडा रोटर फिरताना पॅडना मागे रेटत राहतो. आता कॅलिपरच्या फटीतून उजेडात पाहत कोणाला तरी लिव्हर दाबायला सांगा. दाबताना रोटर एका बाजूला वाकताना दिसला, तर कॅलिपर मधोमध बसलेला नाही किंवा एक पिस्टन अडकला आहे, आणि जाणवणारा मऊपणा पत्र्याच्या वाकण्यातून येतो. तिरपे झिजलेले पॅडही असेच फसवतात.

तरीही घाटात उतरणाऱ्याने ऑइलकडे दुर्लक्ष करू नये. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो वजन ६०० मीटर खाली आले, सिंहगडाच्या गाडीरस्त्याचा उतार साधारण तेवढाच, तर सुमारे सव्वापाच लाख जूल ऊर्जा मोकळी होते. दीड लिटर गार पाणी उकळायला ती पुरेल. काही भाग वाऱ्याच्या विरोधात जातो, बाकीचा मुख्यतः ब्रेक गिळतात आणि ऑइल तापते. ब्रेकमध्ये डॉट किंवा मिनरल ऑइल असते. डॉट ४ ऑइल कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या डॉट ४ साठी मानकातली किमान मर्यादा १५५ अंश आहे. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात अर्धवट उघडी ठेवलेली बाटली पुढच्या वर्षी वापरू नये. मिनरल ऑइल ओल शोषत नाही. मात्र त्यात शिरलेले पाणी तळाला, म्हणजे नेमके तापणाऱ्या कॅलिपरमध्ये, साठते आणि शंभर अंशाच्या आसपास उकळू शकते. दोन्हीकडे परिणाम एकच: वाफेचे बुडबुडे आणि ऐन उतारावर पोकळ पडलेला लिव्हर.

ही दोन ऑइल एकमेकांत कधीही मिसळू नयेत. शिमानो, मगुरा आणि टेक्ट्रोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, होपमध्ये डॉट. स्रॅमने दोन्ही प्रकारचे ब्रेक बनवले आहेत, म्हणून टाकीवर छापलेले वाचूनच बाटली उघडावी. चुकीच्या ऑइलने रबरी सील फुगतात किंवा खराब होतात आणि मग खरोखरच ब्रेक बदलावा लागतो. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये 'ब्रेक ऑइल द्या' म्हणून मिळेल ते भरण्याचा मोह इथे सर्वांत महाग पडतो.

एअर काढणे अवघड नाही, पण सबुरीचे आहे. शिमानोच्या पद्धतीत चाक आणि पॅड काढून कॅलिपरमध्ये ब्लीड ब्लॉक बसवतात, लिव्हर जमिनीला समांतर करतात आणि टाकीवर फनेल लावतात. कॅलिपरच्या निपलला सिरिंज जोडून ऑइल खालून वर ढकलतात, कारण हवेची स्वाभाविक वाट वरचीच आहे. फनेलमध्ये आधी काळपट ऑइल येते, मग बुडबुड्यांची माळ, मग एखाददुसरा चुकार बुडबुडा. यानंतर बरेच जण थांबतात, आणि खरी चूक इथेच होते. नळीवर बोटाने टिचक्या मारत, लिव्हर थोडा वर-खाली तिरपा करत, हळू दाबत-सोडत राहावे, म्हणजे कोपऱ्यात अडकलेली हवाही निघते. फनेल काढताना टाकी काठोकाठ भरलेली हवी. रोटर आणि पॅडवर ऑइलचा थेंब पडू देऊ नये, आणि सांडलेले डॉट लगेच पुसावे, ते रंग खाते.

हे काम मेकॅनिकवरच सोपवावे, असे काही जण म्हणतात. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला 'ऑइल बदला' एवढेच सांगू नका. 'एअर कुठून शिरली तेही बघा' असे सांगा. काम घरी केलेत तर लिव्हर जोरात दाबून मिनिटभर धरा, प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून ओल आहे का ते पाहा, आणि सपाट, मोकळ्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासल्याशिवाय सायकल घाटाकडे नेऊ नका.