अळिंबीचे उरलेले काड रोपांना चालते काय?



आपल्यापैकी काही जण घरी धिंगरी अळिंबी घेतात. दोन-तीन तोडे झाले की पिशवीतले काड उकिरड्यावर जाते. ते भाजीच्या रोपांना घालावे का, असे आम्हाला विचारतात. जरूर घालावे, पण ताजे नव्हे.

हे काड अर्धवट कुजलेले असते. तसेच वाफ्यात मिसळले तर पुढे कुजताना नत्र तेच ओढून घेते, अन् रोपे पिवळी पडतात. बटन अळिंबीच्या खतात कोंबडीखत, जिप्सम असते, म्हणून क्षार जास्त. मोठे झाड थोडाफार क्षार सोसते. कोबी-मिरचीचे कोवळे रोप करपते.

तेव्हा प्लॅस्टिक काढून काडाचा ढीग लावावा, ओला ठेवावा, अधूनमधून उलटवावा. ढीग अळिंबीच्या खोलीपासून लांबच बरा, नाहीतर माश्या पुन्हा आत शिरतात. काड काळे, भुसभुशीत झाले, मातीसारखा वास आला की झाले. बटनचे खत मात्र एक पावसाळा उघड्यावर भिजू द्यावे, क्षार धुऊन जातात. ते पाणी विहिरीकडे वळू देऊ नये.

आमच्या मते चार पाट्यांत एकच पाटी हे खत, बाकी माती किंवा कोकोपीट. संकरित बियाण्याची पुडी केवढ्याला पडते, हे आपण जाणताच. म्हणून आधी एका कुंडीत हे मिश्रण, दुसरीत नुसती माती घेऊन मुळ्याचे बी टाकावे. आठवड्यात दोन्हीकडे उगवण सारखी दिसली तरच पुडी फोडावी.

पूर्वहंगामी उसात कोबी-फ्लॉवर घेणाऱ्यांनी ढीग उन्हाळ्यातच लावावा.